शाळा कोणत्या दिवशी सुटली?

प्रकल्पाच्या कागदांवर प्रश्न आधीच छापून आला होता: ऊसतोड कामगारांच्या मुली आठवीनंतर शाळा का सोडतात? पैसे देणाऱ्यांना तो मान्य होता, सल्लागारांना मान्य होता. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. मार्च-एप्रिलपर्यंत बालाघाटच्या डोंगरातल्या गावांत म्हातारी माणसं, शेळ्या आणि थोडी लेकरं एवढंच उरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९ टक्के. एवढं समोर असताना 'का' विचारण्यात गैर काय?

हरकत घेतली ती गटातल्या मुलींनी. बारा ते सोळा वयाच्या या मुली प्रकल्पात 'सहसंशोधक' होत्या, म्हणजे निदान प्रस्तावात तसं लिहिलं होतं. प्रश्नावली वाचून झाल्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, 'का' विचारलं की सगळे एकच सांगतेत. गरिबी. नाहीतर पोरीलाच आवड नव्हती. ते आम्हाला पाठ आहे." मग काय विचारायचं, यावर बरीच कुजबुज झाली. अखेर तिनंच सुचवलं, "कोणत्या दिवशी सुटली ते विचारू. दिवस सांगायचा म्हटलं की माणसाला खरं आठवावंच लागतं."

छापलेली प्रश्नावली बाजूला पडली आणि मुली एकच प्रश्न घेऊन आपापल्या आईकडे, थोरल्या बहिणीकडे, शेजारच्या नव्या सुनेकडे गेल्या. 'का' विचारलं की समोरची बाई आपली बाजू मांडायला लागते. आपण तिला जाब विचारतोय असं तिला वाटतं, आणि ते फारसं चुकीचंही नसतं. दिवस विचारला की ती त्या दिवसात शिरते. टोळीचा ट्रक पहाटे आला आणि दप्तर घरात राहिलं. आजी न्हाणीत पडली, तिचं करायला कुणी नव्हतं. भावाचं दहावीचं वर्ष लागलं, त्याच्या डब्याची वेळ आणि हिच्या शाळेची वेळ एकच झाली. पाळी आली, शाळेच्या संडासाला कडी नव्हती, आठ दिवस घरी राहिली आणि मग सरांनी एवढे दिवस कुठं होतीस म्हणून सगळ्यांसमोर विचारलं. गरिबी या सगळ्यात आहेच. पण गरिबीवर एखाद्या शाळेनं किंवा ग्रामपंचायतीनं करायचं काय? संडासाच्या कडीचं मात्र करता येतं.

आज्यांची उत्तरं वेगळी आली. एकीनं नातीला उलटा सवाल केला, "सुटायला आधी भरली कुठं, माय?" मग स्वतःहून सांगायला बसली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले, तीच माझी शाळा. मुकादमानं हजेरी घेतली तेव्हा आपलं नाव पहिल्यांदा मोठ्यानं ऐकलं. नातीनं हे वहीत लिहून आणलं आणि खाली स्वतःची शंका लिहिली: आजीला शाळा नव्हती, तर तिचं कोणत्या रकान्यात घालायचं? आमच्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता, तो तिनं पेन्सिलीनं आखला.

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात सहभागी कृती संशोधन मी शिकले ते नावांच्या माळेसारखं. पावलो फ्रेरी, १९७७ साली कोलंबियातल्या कार्ताहेना इथं भरलेला परिसंवाद, ऑर्लान्दो फाल्स बोर्दा. ज्यांच्या आयुष्याबद्दल अभ्यास चाललाय त्यांनीच प्रश्न ठरवायचा, माहिती जमवायची, तिचा अर्थ लावायचा, आणि त्यातून काही बदलायचं, बदललं की पुन्हा अभ्यासायचं. हे सगळं पटण्यासारखं. महाराष्ट्राचंही त्यात नाव आहे: तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरच्या आदिवासींच्या भूमिसेनेवरचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर या विषयाच्या वर्गांत वाचला गेला. पण या पहिल्या पिढीच्या लिखाणात 'लोक' म्हणजे बहुतेक वेळा पुरुष. पॅट्रिशिया मग्वायर या अमेरिकन अभ्यासिकेनं १९८७ च्या आपल्या पुस्तकात हे स्पष्टपणे मांडलं. गावाची बैठक भरली, सगळ्यांनी मिळून ठरवलं, असं अहवालात येतं तेव्हा त्या वेळी भाकऱ्या कोण थापत होतं, हा प्रश्न तिच्यासारख्यांमुळे या शास्त्रात आला.

ही पद्धत बाहेरून आली असं कुणी म्हटलं की मला मुक्ताबाई आठवते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात आपल्या समाजातल्या बायका उघड्यावर, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होतात, हे तिनं लिहिलं आहे. हा तपशील बाहेरून आलेल्या अभ्यासकाला बहुधा सुचलाच नसता. पुढे १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. मुलींना मी ही नावं सांगितली तेव्हा मुक्ताबाईचं वय ऐकून त्यांचा विश्वास बसेना.

दिवसांच्या गोष्टी जमायला लागल्या तशा एका बैठकीला निम्म्या मुली आल्याच नाहीत. मग मुलींचा वेळ जातो कुठं, याकडे आम्ही वळलो. प्रत्येकीला चोवीस चिंचोके दिले, तासाला एक, आणि कालचा दिवस मांडायला सांगितला. झोप, शाळा, पाणी, भाकरी, भांडी, शेळ्या, धाकटी भावंडं, अभ्यास, खेळ. मराठवाड्यात उन्हाळ्यात चिंचोक्यांना तोटा नाही, फुकट मिळतात, आणि लिहिता न येणाऱ्या आजीलाही मांडता येतात. सातवीतल्या एका मुलीनं मांडामांड केली आणि हात पुढे केला, "अजून द्या. मला चोवीस पुरत नाहीत." दिवस चोवीस तासांचाच असतो, असं बाकीच्या तिला समजावायला लागल्या. ती ऐकेना. भाकरी करताना धाकटा भाऊ मांडीवर असतो, शेळ्या राखताना पाठांतर असतं, मग एका तासाला एकच चिंचोका कसा? शेवटी एकावर एक ठेवायचं ठरलं. मांडणी झाल्यावर मुलींच्या रांगेत जागोजाग चिंचोक्यांचे दुहेरी ढीग दिसत होते. त्यांनी भावांचीही मांडली, आईच्या सांगण्यावरून. तिथे ढीग नव्हते. 'मोकळा' या घरात मात्र भरपूर चिंचोके पडले होते.

देशाचंही हेच चित्र आहे, फक्त कोरड्या आकड्यांत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चार असे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून माणसांना विचारलं गेलं. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या; करणारे पुरुष ९७. पुरुषांत मुळात करणारेच २६ टक्के. २९९ मिनिटं म्हणजे पाच चिंचोके, हे मुलींनी लगेच काढलं, आणि "आमच्यात जास्त भरतात" अशी टिप्पणीही जोडली. त्यांचं घर ऊसतोडीला गेलेलं असतं तेव्हा तर आईचे चिंचोकेही त्यांच्याच वाट्याला येतात. गावात हंगामी वसतिगृह असलं तर जेवण तिथं मिळतं, पण आजी घरी असेल तर तिची भाकरी करायला पोरगी संध्याकाळी घरीच.

यातून आमच्यासाठी एक अडचणीचा प्रश्न निघाला. बैठकीचे दोन तास कोणत्या ढिगातून येतात? कुणाच्याच मांडणीत ते भाकरीतून किंवा पाण्यातून निघाले नव्हते. निघाले होते झोपेतून, नाहीतर अभ्यासातून. सहभाग हा शब्द प्रस्तावात लिहायला सोपा आहे. गावात तो कुणाच्या तरी वेळेतून कापून घ्यावा लागतो, आणि ज्यांच्याकडे वेळ सगळ्यांत कमी त्यांच्याकडूनच तो सर्वांत जास्त मागितला जातो. स्त्रीवादी पद्धत म्हणजे मला आता पहिल्यांदा हाच हिशेब वाटतो, मुलाखतीतली आपुलकी वगैरे नंतर.

मग बैठकीचं रूप बदललं. तूर निवडायची असेल तर सूप घेऊन या. भावंडं घेऊन या, त्यांच्यासाठी गावातल्याच एका ताईला मानधनावर ठेवलं. हिशेब तपासणाऱ्यांनी 'बालसंगोपन' हा खर्च संशोधनाच्या सदरात कसा, अशी विचारणा केली. मी खुलासा लिहिला की प्रवासखर्च ज्या सदरात आहे त्याच सदरात हाही बसतो, कारण दोन्हीमुळे संशोधक बैठकीपर्यंत पोहोचतो. पैसे मंजूर झाले. तो खुलासा मी जपून ठेवला आहे, कधीतरी छापीन.

बसायचं कुठं, हाही साधा प्रश्न नव्हता. मारुतीच्या पारावर सावली चांगली, पण पाळी असलेली मुलगी तिथे येत नसे, आणि दलित वस्तीवरच्या मुली कडेला, पायरीखाली बसत. शाळेच्या व्हरांड्यात सर डोकावत. म्हणून दर वेळी वेगळ्या मुलीच्या अंगणात बसायचं ठरलं. वस्तीवर बैठक झाली त्या दिवशी दोन मुलींनी पाणी घेतलं नाही, तहान नाही म्हणाल्या. कुणी काही बोललं नाही. त्या दिवशीच्या नोंदवहीत मात्र ते लिहिलेलं होतं, वस्तीवरच्याच एका मुलीच्या अक्षरात, नावं न घेता. पुढच्या बैठकीत नोंदी मोठ्यानं वाचायची पद्धत होती, तशी ही नोंदही वाचली गेली. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिकेबद्दल जे लिहिलं, बायकांचं दुःख म्हणून एकच एक दुःख नसतं, कोण कुठून बोलतंय ते आधी बघा, ते मी विद्यापीठात वाचलं होतं. इथं ते दोन ओळींत समोर आलं. त्या दोघींपैकी एकीनं नंतर पाणी घेतलं, दुसरी यायची थांबली. तिच्या घरून कारण आलं अभ्यासाचं.

कठीण प्रसंग आला तो लग्नाचा. मुलींनी सुरुवातीलाच एक नियम केला होता: होऊन गेलेलं विचारायचं, होणारं विचारायचं नाही. कारण कळलं की काहीतरी करावं लागतं. एका हंगामाच्या तोंडावर गटातली एक मुलगी येईनाशी झाली. सगळ्यांना माहीत होतं, आम्हाला सोडून. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर. पोराला कोयता पुरा करायला बायको हवी, आणि पोरीला मागे एकटी ठेवायची भीती. या दोन गोष्टी जुळल्या की हंगामापूर्वी घाईनं अक्षता पडतात. मुली आमच्यापाशी बोलल्या नाहीत त्याचं कारण एकीनं सरळ सांगितलं: "तुम्ही तालुक्याला सांगणार, गाडीत बसून जाणार. नावं आमची होणार."

संशोधनाच्या नीतिनियमांत गोपनीयता फार वरच्या जागी असते. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, गावात ग्रामसेवक हा त्याचा अधिकारी होता, १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे. या दोन्हींच्या मधे चौदा वर्षांच्या मुली उभ्या होत्या, आणि त्यांना रोज त्याच हातपंपावर जायचं होतं. दोन दिवस वाद झाला. शेवटी मुलींनी तिच्या मावशीला गाठलं. मावशी आशा कार्यकर्ती; घरातली आणि सरकारचीही. तिनं दोन्ही बापांना बसवून कायद्यात कोणाकोणाला अटक होते ते सांगितलं, आणि ग्रामसेवकाला आपण स्वतः कळवलं आहे हेही सांगितलं. त्यामुळे बोट मुलींकडे गेलं नाही. लग्न थांबलं, मुलगी मावशीच्या गावी नववीत बसली. तेव्हापासून आमच्या संमतिपत्रातलं 'तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील' हे वाक्य गेलं. आता पहिला प्रश्न विचारण्याआधीच कोणती गोष्ट आम्ही पोटात ठेवू शकणार नाही आणि ती कळली तर कुणाला, कुणामार्फत सांगू, हे बोललं जातं. काही बायका ते ऐकून उठून जातात. जाऊ देतो.

कृती म्हणाल तर नळाची. चिंचोक्यांतून एक गोष्ट ढळढळीत दिसत होती: गावातलं पाणी नऊ ते अकराच्या दरम्यान सुटतं आणि शाळा दहाला भरते. मुलींनी खळ्यावर रांगोळीनं मोठा तक्ता काढला, मग तो कागदावर उतरवला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथं नेला. सरपंच बाई होत्या, खुर्चीत त्यांचे यजमान. यजमानांनी पाणीपुरवठ्याच्या तांत्रिक अडचणींवर पुष्कळ सांगितलं. सरपंचबाई सगळा वेळ कागद बघत होत्या. सभा संपल्यावर त्या मुलींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाण्याचं मी बघते," आणि पाणी सोडणाऱ्या शिपायाला त्यांनी स्वतःच्या चुलीपाशी बोलावून घेतलं. पुढच्या आठवड्यापासून पाणी सकाळी सहाला आलं.

अहवालात ही आमची यशोगाथा म्हणून छापली गेली. मुलींनी काही दिवसांनी चिंचोके पुन्हा मांडले. शाळेचे तास पूर्ण झाले होते, उशिरा जाणं जवळपास बंद झालं होतं. पण झोपेच्या ढिगातून एक चिंचोका कमी झाला होता, कारण आता हंड्यांसाठी पाचला उठावं लागत होतं. भावांच्या मांडणीत काहीच हललं नव्हतं. पाणी हलवता येतं, कोण भरतं ते हलत नाही, असं तेव्हा वाटलं. आता दोन घरांत भाऊ हंडे उचलायला लागले आहेत. एक सायकलवर कॅन लावून आणतो, डोक्यावर मात्र घेत नाही. ते गावात बायकांचं काम दिसतं म्हणून. सायकलवरचं पाणी पुरुषाचं. बरं, तसं तर तसं.

अहवालाचा मसुदा मुलींसमोर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी सर्वांत जास्त खोडलं ते बापांबद्दलचं. आम्ही पितृसत्ता, दडपण, निर्णयप्रक्रियेतून वगळणं असं पुष्कळ लिहिलं होतं. एकीचं म्हणणं, माझ्या बापानं मला शाळेतून काढलं हे खरं आहे, लिहा. पण त्याच पानावर त्याच्यावर किती उचल आहे आणि खाडा पडला तर मुकादम काय कापतो तेही लिहा. नाहीतर वाचणारा म्हणेल, ही माणसंच वाईट. मी वाद घातला, कारण कर्जामुळे सगळं माफ होत नाही. तिनंही घातला. शेवटी दोन्ही छापलं, एका पानावर, तिच्या आग्रहानुसार. एका परीक्षकानं या पानावर 'विश्लेषणात्मक धार बोथट झाली आहे' असा शेरा दिला. मला ते पान अहवालातलं सगळ्यांत धारदार वाटतं.

वह्या कुणाच्या, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. मूळ नोंदी संस्थेच्या संग्रहात जमा व्हाव्यात अशी अपेक्षा असते. मुली म्हणतात, झेरॉक्स न्या, वही राहू द्या. सध्या वह्या त्या आशा मावशीच्या पेटीत आहेत.

यंदाच्या गटात नव्या मुली आहेत, जुन्यांपैकी काहीजणी दहावी होऊन तालुक्याला कॉलेजला जातात, एसटीच्या पासवर. नव्या गटाला शाळेचा प्रश्नच नको आहे. त्यांना उचलीची वही बघायची आहे. कोयता म्हणजे आई आणि बाप दोघं, मोळ्या दोघं बांधतात, मग उचल लिहिताना वहीत आईचं नाव असतं का? एकीनं आईला विचारलं. आईला माहीत नव्हतं. वही तिनं कधी पाहिली नव्हती. आता ती पाहायची कशी यावर खल चालू आहे. मुकादमाला थेट विचारलं तर पुढच्या हंगामात कुणाच्या घराला उचल मिळायची नाही, हे आम्ही सांगतो आणि मुलींनाही ते पुरतं ठाऊक आहे. आधी आयांना विचारायचं, किती उचल ठरली, कुणी सही केली, अंगठा कुणाचा, पैसे मोजताना त्या कुठं होत्या. प्रश्न तयार होत आले आहेत. पहिला प्रश्न 'कोणत्या दिवशी' यानंच सुरू होतो. मुकादमाकडे जायचं की नाही, यावर गटात दोन तट आहेत, आणि बैठक पुढच्या रविवारी, तूर निवडून झाल्यावर.